कुंडीला वाफसा का येत नाही? घट्ट माती, तुंबणारं पाणी आणि मिश्रणाची दुरुस्ती

जूनमध्ये रोप आणलं, गणपतीपर्यंत तजेलदार होतं, दिवाळीत एकेक पान पिवळं पडायला लागलं आणि मार्चमध्ये कुंडी उपडी केली तर आतली माती विटेसारखी घट्ट. वरून घातलेलं पाणी एकतर तळ्यासारखं उभं राहतं, नाहीतर कडेच्या फटीतून भसकन ताटलीत उतरतं. मग नवं रोप येतं, माती तीच राहते, खत मात्र दुप्पट होतं. पुण्याच्या गच्च्या-बाल्कन्यांमधली ही ठरलेली तक्रार. बहुतेक वेळा खताचा किंवा किडीचा तिच्याशी संबंध नसतो.

शेतकरी पाऊस थांबल्यावर वाफसा यायची वाट बघतो. मातीत ओल आहे, पण चिखल नाही, मुळांना हवाही मिळते आहे, अशी ती अवस्था. जमिनीत जास्तीचं पाणी खाली मुरतं आणि वाफसा आपोआप येतो. कुंडीला खाली जमीन नसते, बूड असतं, म्हणून तिथला वाफसा मिश्रणातूनच यावा लागतो. ‘अमुक झाडाला कुठलं मिक्स’ हे त्यानंतरचं.

आधी दोष ओळखा

पाणी घाला आणि घड्याळ बघा. मिनिटभरानंतरही पाणी वर उभं असेल, तर मिश्रणात गाळ किंवा चिकण (चिकट, अतिबारीक माती) जास्त आहे. पाणी क्षणात खाली आलं, पण काडी खुपसली तर आत कोरडं लागतं, तर मिश्रण वाळून आक्रसलंय आणि कुंडीच्या कडेपासून सुटलंय. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: पाणी व्यवस्थित जिरतं, थोडं खालूनही येतं, पण आठ-दहा दिवसांनीही कुंडी उचलली तर जड लागते आणि खालच्या भोकाशी नाक नेलं तर गटारासारखा वास येतो. इथे वरचा भाग कोरडा दिसत असताना तळ कायम भिजलेला असतो. घरातली बहुतेक झाडं यानेच जातात, कारण वरची कोरडी माती बघून माणूस आणखी पाणी घालतो.

मिश्रणात हवा किती उरते, हे मोजता येतं. एक लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा आणि बाहेरून चिकटपट्टी लावून ती बंद करा. त्यात थोडं ओलसर केलेलं मिश्रण काठोकाठ भरा, दोनदा जमिनीवर आपटा, बसलेली जागा पुन्हा भरा. कडेने सावकाश पाणी सोडा, पृष्ठभाग पाण्याने चमकेपर्यंत. अर्धा तास थांबा, पाणी खाली गेलं असेल तर पुन्हा भरा. आता डबा भांड्यावर धरून चिकटपट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. 150 मिली निघालं, तर हवेची जागा 15 टक्के. 100 मिलीच्या खाली असेल तर ते मिश्रण कुंडीत घालू नका. तुळस, गुलाब, भाज्या यांना 120 ते 200 मिली चालतं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन यांना 250च्या आसपास हवं. पाच रुपयांचा खर्च नाही, पण विकतच्या ‘प्रीमियम’ पोत्याचा भ्रम तासाभरात उतरतो.

तळाला खडी घालून निचरा वाढत नाही

हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून जरा सविस्तर. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुठल्याही सच्छिद्र वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो. त्याची जाडी कणांच्या आकारावर ठरते, भांड्याच्या आकारावर नाही. बारीक मिश्रणात हा थर तीन-चार बोटं भरतो. 12 इंची कुंडीत तेवढं चालून जातं. सहा इंची बुटक्या कुंडीत मात्र मुळांची अर्धी जागा त्यात जाते.

आता तळाला दोन इंच खडी घातली तर? बारीक मिश्रणातलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, ते सीमेवर अडतं. म्हणजे ओला थर नाहीसा होत नाही, दोन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकातून माती वाहू नये म्हणून खापरीचा एक तुकडा किंवा डासांच्या जाळीचा चौकोन पुरे. खडी घालायचीच असेल तर मिश्रणात सगळीकडे मिसळा.

सामान: कशात काय लपलेलं असतं

पुण्याच्या आसपासची काळी माती बेसाल्टची झीज होऊन बनलेली. तिच्यातला चिकण भिजला की फुगतो आणि वाळला की आक्रसतो, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. शेतात तिच्यासारखी ओल धरणारी माती नाही. कुंडीत ती गळफास आहे. ओळखायला मूठभर माती कणकेसारखी मळा आणि अंगठा-तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. पट्टी पाच सेंटीमीटरपर्यंत न तुटता लोंबली तर ती कुंडीच्या कामाची नाही. अडीचच्या आत तुटली तर चांगली. काळ्या मातीत ‘थोडी वाळू’ टाकून ती सुधारत नाही. वाळूचे कण चिकणात रुतून बसतात आणि वाळल्यावर मिश्रण आणखी टणक होतं. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतकी, म्हणजे निम्म्याहून जास्त घातली, तरच फरक पडतो. मग माती ठेवायचीच कशाला?

नर्सरीत ‘लाल माती’ म्हणून मिळणारं पोतंही एकसारखं नसतं. कधी भुसभुशीत, कधी नुसता चाळलेला मुरूम, कधी चिकण लाल ढेकळं. घेण्याआधी तीच पट्टीची परीक्षा करा. दुकानदार हसेल, हसू दे.

कोकोपीट हे नारळाच्या सोडणाचं चूर्ण. पाच किलोची लादी भिजून साधारण 65 ते 70 लिटर होते, 650 ग्रॅमची वीट आठ-नऊ लिटर. वाईट धुतलेल्या मालात मीठ असतं, त्यामुळे पानांची टोकं जळतात. लादी भरपूर पाण्यात रात्रभर ठेवा, जुन्या सुती कापडातून पिळा, आणि हे निदान दोनदा करा; पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, नंतर फिकं होत जातं. टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर पिळलेल्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्यापेक्षा 300हून जास्त नको. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं झाड दोन महिन्यांनी फिकं पडतं. पीस लिली, नेच्यांसारखी ओल आवडणारी झाडं सोडली तर ते एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका, विशेषतः पावसाळ्यात.

शेणखत किमान सहा महिने कुजलेलं हवं. मूठभर ओलसर शेणखत प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबलं तर ते कच्चं आहे, मुळं भाजेल. वापरण्याआधी पसरून बघा: इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढा. त्यांतली हुमणी मुळं खाते आणि वरून फक्त झाड मलूल दिसतं. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत उत्तम, पण त्यात शिजलेल्या अन्नाचं मीठ असतं आणि चाळून दिलेलं असेल तर ते फार बारीक असतं. पाचव्या हिश्श्याहून जास्त घालू नका. शंका असेल तर एका वाटीत खत व कोकोपीट निम्मं-निम्मं, दुसरीत नुसतं कोकोपीट घेऊन प्रत्येकी दहा मोहरीचे दाणे पेरा. खताच्या वाटीत उगवण ठळकपणे कमी दिसली तर खत अजून महिनाभर ठेवा.

भरड माल म्हणजे कुंडीतली हवा. परलाईट (पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) हलकं आणि चांगलं, पण महाग. भाजलेल्या लाल विटेचे पाच ते दहा मिलिमीटरचे तुकडे स्वस्त आणि टिकाऊ. रात्रभर भिजवून घाला, नाहीतर पहिल्या दिवशी तेच पाणी पितात. हल्ली बांधकामांवर लाल वीट कमी आणि राखेची वीट किंवा पांढरट हलके ब्लॉक जास्त. ते ब्लॉक फोडले की परलाईटसारखे दिसतात आणि लोक हौसेने गोळा करतात. त्यात सिमेंट आणि चुना असतो. कुंडीत नको. प्लास्टर चिकटलेली लाल वीटही नको.

क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्यायची तर प्लास्टरची बारीक नव्हे, जाड. त्यातही कच (दगडाची बारीक भुकटी) भरपूर असते.

चाळण

एका कामाने सगळ्यात जास्त फरक पडत असेल तर तो चाळण्याने. उलट बाजूने. आपल्याकडे माती चाळतात ती ढेकळं आणि खडे फेकून बारीक ठेवायला. कुंडीसाठी बारीक फेकून भरड ठेवायची असते. कारण साधं आहे: मोठ्या कणांमधल्या पोकळ्या बारीक भुकटीने भरून जातात. दोन वाट्या विटांचे तुकडे आणि एक वाटी कच एकत्र करा, तीन वाट्या होत नाहीत, दोनच्या थोडं वर भरतं. गहाळ झालेली वाटी म्हणजे गेलेली हवा.

क्रश सँड, विटांचे तुकडे आणि परलाईट रव्याच्या जुन्या चाळणीतून चाळा; खाली पडेल ते टाकून द्या. वर उरलेलं गव्हाच्या चाळणीतून काढलं तर दोन आकार मिळतात: मोठा आकार मॉन्स्टेराला, लहान आकार निवडुंगाला. परलाईट आधी भिजवा आणि नाकाला कापड बांधा, त्याची धूळ छातीत जाते. क्रश सँड शेवटी बादलीत धुवा. पहिलं पाणी सिमेंटच्या घोळासारखं राखाडी निघतं. ते स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. हा राखाडी घोळच पुढे मार्चमध्ये कुंडीत वीट बनून भेटतो.

प्रमाणं

सगळी मापं लिटरमध्ये, वजनात नाही. 12 इंची निमुळत्या कुंडीत साधारण 15 लिटर मावतं, आठ इंचीत चार ते पाच. मिसळल्यावर आकारमान आटतं, म्हणून लिटर-दीड लिटर जास्तच करा.

उघड्यावरचे गुलाब, जास्वंद, मोगरा, तुळस: 15 लिटरला लाल माती 5, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत 3, कोकोपीट 3, विटांचे तुकडे आणि जाड सँड मिळून 4. वर 50 ग्रॅम निंबोळी पेंड. शहरातही पाऊस सारखा नसतो. बावधन, वारजे, कोथरूड या डोंगराकडच्या भागात हडपसर-खराडीपेक्षा जास्त पडतो आणि झिमझिम दिवसचे दिवस चालते. तिकडच्या उघड्या गच्चीवर कोकोपीट 2 आणि भरड 5 करा. उलट खराडीत दहाव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिलच्या वाऱ्या-उन्हात हेच मिश्रण दुपारपर्यंत कोरडं पडतं. तिथे कोकोपीट 4, भरड 3.

मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन: नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे 3 भाग, कोकोपीट 2, परलाईट किंवा विटांचे तुकडे 2, लाकडी कोळशाचे चण्याएवढे तुकडे 1, गांडूळखत 1. माती नाही. हे मिश्रण उपाशी असतं. दर पंधरा दिवसांनी विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम.

स्नेक प्लांट, झीझी, कोरफड, अडेनियम: भरड 5, लाल माती 2, गांडूळखत 1. कोकोपीट शून्य. स्नेक प्लांट ‘कशातही जगतो’ हे खरं, पण जुलैमध्ये कोकोपीटमध्ये तो बुडापासून मऊ होऊन आडवा पडतो.

पीस लिली, कॅलेथिया, नेचे: कोकोपीट 3, परलाईट 2, गांडूळखत 2.

ग्रो बॅगमधल्या टोमॅटो-मिरचीला पहिलं मिश्रण चालतं, खत एक लिटर वाढवून. ऑर्किडला यातलं काहीच नको: कोळसा, सोडणाचे मोठे तुकडे, बस.

गच्चीवर ठेवायचं तर वजनही बघा. ओल्या मातीचं मिश्रण लिटरला दीड किलोच्या वर जातं, म्हणजे 12 इंची एक कुंडी पंचवीस किलोच्या घरात. वीस कुंड्यांचे पाचशे किलो. कोकोपीटवरचं मिश्रण जवळपास निम्म्यात बसतं. आणि तयार पॉटिंग मिक्स घेताना पोत्यावर लिटर लिहिलेलं बघा. किलोवर विकलेल्या पोत्यात तुम्ही पाण्याचे पैसे देता.

मिश्रण चांगलं, तरी झाड गेलं: हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) तपासा

सोलापूर रस्त्याच्या नर्सऱ्यांमध्ये, हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत, येणारी बरीच रोपं चिकण लाल मातीच्या घट्ट हुंडीत असतात. आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने आलेली तर हमखास. प्रवासात हुंडी फुटू नये म्हणून ती माती मुद्दाम चिकट असते. ही हुंडी जशीच्या तशी मोकळ्या मिश्रणात बसवली की पाणी सोप्या वाटेने, म्हणजे हुंडीच्या बाजूने, निघून जातं. सगळीकडे ओल, मधली मुळं कोरडी. पावसाळ्यात याच्या उलट: बाजूचं वाळतं, हुंडी वाळत नाही.

लावण्याआधी हुंडी बादलीत वीस मिनिटं बुडवा. बाहेरचा एक तृतीयांश थर बोटांनी सैल करून पाण्यातच सोडवा, जाड मुळं ओढू नका. उरलेल्या गाभ्याला विणायच्या सुईने पाच-सहा ठिकाणी आरपार टोचा. हे काम जून-जुलैत किंवा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत करा. एप्रिल-मेमध्ये हुंडीला हात लावायचा नाही.

पॉलिहाऊसमधून आलेल्या इनडोअर रोपांच्या मुळांशी कधी कधी जाळीचा चिमुकला कप असतो. खोडाजवळ बोटाने चाचपा, लागला तर कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. खोड जाड झालं की तोच फास बसतो.

कुंडीचा आकारही इथेच ठरतो. हुंडीच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर जागा पुरे. चार इंची रोप थेट 12 इंचीत घातलं तर न प्यायलेलं पाणी तसंच राहून आंबतं.

पानं पिवळी, शिरा हिरव्या

कोवळी पानं अशी दिसली की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. पुण्यात दोन कारणं नेहमीची: मिश्रणात चुना, किंवा बोअर-टँकरचं जड पाणी. मातीची चिमूट बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे, ती माती बदला. पाणी जड असेल तर कुंडीच्या बाहेर आणि मातीवर पांढरी पुटं दिसतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी ओतून क्षार धुऊन काढा, पावसाचं पाणी मिळालं तर तेच वापरा. लोह देताना पाकिटावर बघा, ते कशाशी बांधलेलं आहे: ईडीटीए असलेलं चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं.

भर पावसात कुंडी आंबली तर

तेव्हा कुंडी बदलायची घाई नको. कुंडी अर्ध्या तासासाठी 45 अंशांत तिरपी ठेवा. स्पंज उभा केल्यासारखं अडकलेलं पाणी गळतं. तळाच्या भोकातून सुती नाडी दोन इंच आत सारून खाली लोंबती ठेवली तर ती पाणी ओढत राहते. ताटली काढून कुंडी दोन विटांवर चढवा. भोवती चिलटं उडत असतील तर वरचा दोन सेंटीमीटरचा थर कोरडा होऊ द्या आणि त्यावर सेंटीमीटरभर जाड धुतलेली सँड पसरा, पिवळे चिकट कागद लावा.

तरीही झाड मलूल असेल तर बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरं आणि टणक. कुजलेल्याची साल चिमटीत सुटून येते आणि आत दोरा उरतो. सगळी कुजलेली मुळं कापा, त्या प्रमाणात पानं कमी करा आणि आधीपेक्षा लहान कुंडीत, जास्त भरड घालून लावा. नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही.

उलट, वाळून आक्रसलेल्या कुंडीला वरून कितीही पाणी ओता, उपयोग नाही. ती बादलीत अर्धा तास, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. कोकोपीट फारच कोरडं झालं असेल तर बादलीत रिठ्याचं थोडं पाणी घाला, ओल लवकर धरते.

जुनं मिश्रण फेकू नका. पसरून वाळवा, मुळं वेचा, रव्याच्या चाळणीतून भुकटी काढून टाका. वर उरलेल्या मालात एक चतुर्थांश ताजा भरड माल आणि एक पंचमांश खत मिसळा. मग पुन्हा डबा घ्या, भोकांना चिकटपट्टी लावा, पाणी मोजा. 120 मिलीच्या वर निघालं तर कुंडी भरायला हरकत नाही. मुळं कुजून मेलेल्या झाडाची माती मात्र मे महिन्यात पारदर्शक प्लास्टिकखाली ओलसर करून चार ते सहा आठवडे उन्हात झाकून ठेवा, मगच वापरा.